इमारतीला ग्रेड मिळते, तळमजल्यावरच्या हॉटेलाला काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की म्हाडाची अतिधोकादायक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची यादी तुमच्या पेपरात येते. इमारतीचा नंबर, गल्ली, रस्ता, आणि खाली रहिवाशांनी वेळेत स्थलांतर करावं असं आवाहन. मी ती यादी शेवटपर्यंत वाचते, कारण माहेर गिरगावातलं आणि अर्धे नातेवाईक अजून तिकडे चाळीतच आहेत. पण पत्ता वाचला की डोक्यात पहिलं हेच येतं की हिच्या तळमजल्याला काय आहे बरं, इराणी आहे की उडप्याचं आहे की आपल्या कोणाची खानावळ आहे, आणि यादीत ते कुठेच नसतं. वर राहणाऱ्यांची निदान चर्चा तरी होते, ट्रान्झिट कॅम्प मिळणार की नाही, भाडं मिळणार की नाही. खाली जे हॉटेल आजोबांच्या काळापासून पहाटे शटर उघडतंय ते त्या यादीत नुसता एक गाळा असतं.

पत्र लांबणार आहे आणि तुम्ही ते कापणार आहात हे धरून मुद्दा आधीच सांगून टाकते. मुंबईत जुनी इमारत वाचवायला नियम आहेत, कमिटी आहे, ग्रेड आहे. त्या इमारतीत चालणारं जुनं खाण्याचं ठिकाण वाचवायला काहीही नाहीये. आणि लोक इमारत बघायला एकदा येतात, हॉटेलात रोज येतात, तेव्हा शहराच्या आठवणीत काय जास्त राहतं ते तुम्हीच ठरवा.

१९९५ साली मुंबईत हेरिटेज नियमावली लागू झाली, असं करणारं हे देशातलं पहिलं शहर, आणि मला त्याचा खरंच अभिमान आहे, त्या वेळी ज्यांनी ह्यासाठी भांडून भांडून जीव काढला त्यांचे उपकारच आहेत. ग्रेड एक, दोन अ, दोन ब, तीन. ग्रेड एक म्हणजे जवळजवळ हात लावायचा नाही, ग्रेड तीन म्हणजे रस्त्याची ओळख बिघडू न देता बदल करा. ह्याच्यामुळे कमानी वाचल्या, गॅलऱ्या वाचल्या, फोर्टातले दगडी चेहरे वाचले. २००४ ला सीएसएमटी युनेस्कोच्या यादीत गेलं, २०१८ ला ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती मिळून ९४ इमारतींचा अख्खा समूह गेला. छानच झालं. पण ह्या सगळ्यात मोजमाप कशाचं होतं, तर दगडाचं, लोखंडाचं, नक्षीचं. आत चहा उकळत होता की नाही हा प्रश्न कोणत्याच फॉर्मवर नाही.

उदाहरण काळा घोड्याचंच घ्या. जहांगीर आर्ट गॅलरीत १९६४ पासून समोवार नावाचं छोटं कॅफे होतं, लांबट चिंचोळी जागा, बाजूला झाडं, चित्रकार आणि कॉलेजची पोरं एकाच चहावर तासन्‌तास बसायची आणि कोणी उठवायचं नाही. मार्च २०१५ ला ते बंद झालं. गॅलरी आहे तिथेच आहे, एक विटही हलली नाही, हेरिटेजच्या भाषेत काहीच नुकसान झालेलं नाही. जवळच वेसाइड इन होतं, कवी अरुण कोलटकर तिथे बसायचे, आता ते नाही. तो रस्ता, रॅम्पार्ट रो, शाबूत आहे, हे मात्र खरं. उलट हॉर्निमन सर्कलला एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ ला स्टारबक्सचं देशातलं पहिलं दुकान उघडलं, आणि त्यांनी ती जागा खरोखर देखणी ठेवलीये, मी स्वतः आत जाऊन बघून आले, नाव ठेवायला जागा नाही. म्हणजे इमारतीच्या दृष्टीने दोन्हीकडे सगळं ठीकच. शहराच्या दृष्टीने सारखं आहे का?

आता इराण्यांबद्दल. त्यांच्यावर दर दोन महिन्यांनी कुठे ना कुठे हळवा लेख येतो, ब्रुन मस्का, पानी-कम चाय, गोल संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर 'केस विंचरू नये' छापाच्या सूचना, त्यामुळे ते सगळं परत लिहीत नाही. पण एक गोष्ट त्या लेखांत सहसा नसते. मी फोर्टात बँकेत नोकरीला लागले तेव्हा एकट्या मुलीने दुपारी हॉटेलात बसून खाणं हे आमच्या घरात तरी बसत नव्हतं, डबा न्यायचा नाहीतर उपाशी. पहिल्यांदा एकटी बसले ती इराण्याकडे. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेठने वर बघितलंसुद्धा नाही, तेच बरं वाटलं. आणि माझ्याआधी कितीतरी वर्षं ह्याच टेबलांवर गोदीतला हमाल आणि वकील आणि गिरणीतला फिटर शेजारी शेजारी बसले, जात विचारली गेली नाही, आणि हे त्या काळात जेव्हा बऱ्याच ठिकाणी पाण्याचा पेलासुद्धा वेगळा ठेवायचे. यझ्द आणि केरमानहून आलेल्या गरीब झरथुष्ट्री माणसांनी, त्यांचा तसा काही इरादा असो नसो, ह्या शहराला एकत्र बसून खायला शिकवलं. ह्याला काय ग्रेड देणार?

धोबी तलावला क्यानी १९०४ पासून आहे. ते ज्या जेर महाल नावाच्या इमारतीत आहे तिच्याकडे कधी मान वर करून बघितलंय का? त्याच इमारतीत गोव्याच्या गावागावांचे कुड आहेत, म्हणजे बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशी पोरं पथारी टाकायची ती क्लबं. खाली खिमा पाव, वर कुड, कोपऱ्यावर अख्खा धोबी तलाव. त्यातली नुसती पुढची भिंत ठेवली आणि आतलं सगळं काढलं तर काय वाचवलं आपण? जवळच बॅस्टनी होतं, तेही एकेकाळी असंच गजबजलेलं, ते गेलं त्यालाही वीसेक वर्षं होऊन गेली. बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया १९२३ चं. बाहेर जॉर्ज विटेट या आर्किटेक्टची शांत इस्टेट, आत बेरी पुलाव, दोन्ही मिळून ती जागा बनते.

ग्रँट रोडच्या मेरवानचं २०१४ चं प्रकरण आठवत असेल. बंद होणार अशी बातमी आली आणि मावा केकसाठी अशी गर्दी लोटली की विचारू नका, जे वर्षानुवर्षं फिरकले नव्हते ते बोरीवलीहून लोकलने आले, फोटो काढले, हळहळले. मग ते परत उघडलं आणि सगळे आपापल्या घरी गेले. आपलं हे असंच आहे बघा, तेराव्याच्या जेवणाला सगळे हजर.

आता खरं कारण. लोक म्हणतात बिल्डर वाईट, किंवा नवीन पिढीला आवड नाही. दोन्ही थोडं थोडं खरं आहे पण मुळात गंमत अशी आहे की ज्या कायद्याने ही हॉटेलं जगवली त्याच कायद्याने त्या इमारती मारल्या. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या आसपासच्या आकड्याला गोठवली, १९९९ चा नवीन कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंचं फार काही बदललं नाही. पागडीच्या, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, जागेत हॉटेलवाला महिन्याला जे भाडं देतो त्यात आज दोन माणसांचं जेवण होणार नाही, म्हणूनच तो दहा-वीस रुपयांत चहा देऊ शकला आणि तुम्हाला तासभर बसू देऊ शकला. आणि म्हणूनच मालकाने छपराला कधी पत्रा लावला नाही, कारण कशाला लावेल? १९६९ ला दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून जास्त होत्या. टेकू, टेकूला टेकू, आणि त्याच्या मधून वेटर चहाचे ग्लास घेऊन वाट काढतोय, हे दृश्य गिरगाव-भुलेश्वरला नवीन नाही.

मग पुनर्विकास. विकास नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली तळमजल्यावरच्या दुकानदाराला जेवढी होती तेवढी जागा नवीन इमारतीत मिळते. कागदावर अन्याय नाहीच. पण हॉटेल क्षेत्रफळावर चालत नाही हो. हे मी ऐकीव सांगत नाहीये, आमच्याच गल्लीतल्या एका खानावळीचं बघितलंय, नाव लिहीत नाही कारण त्या घरातल्या लोकांना आता तो विषय नको असतो. तिथे पायरी चढली की डाव्या हाताला हात धुवायची मोरी, समोर सहा-सात लाकडी बाकं, आणि फळ्यावर खडूने आजचा मासा. बांगडा असेल तर फळा अकराला पुसला जायचा इतका पटकन संपायचा. मागे भटारखाना, त्याला मागच्या बोळात उघडणारं दार, त्या दारातून सकाळी मासेवाली, बर्फवाला आणि नारळवाला यायचे, आणि कडेने वर गेलेलं जुनं धुरांडं जे थेट छपराच्या वर निघायचं. सोलकढीला नारळ रोज तिथेच खवला जायचा, त्या बाईंचा हात इतका चालायचा की बघत राहावं.

इमारत पाडली, टॉवर झाला, जागा मिळाली, चौरस फूट बरोब्बर तेवढेच. फक्त ती मिळाली मागच्या बाजूला, कारण रस्त्याकडे पार्किंगचा रॅम्प आला. धुरांड्याला शाफ्ट नाही, एक्झॉस्ट काढायचा तर तो पोडियमच्या बागेत निघतो, तिथे वरच्या सोसायटीची मुलं खेळतात. मागचा बोळ गेला, आता मासे लॉबीतून आणायचे का? ड्रेनेजची लाइन घरगुती मापाची. वरच्या सोसायटीने वासावरून अर्ज दिला, आणि खरं सांगायचं तर मी एक कोटी भरून वर राहिले असते तर मीही दिला असता. मध्ये जी काही वर्षं गेली त्यात स्वयंपाकी गावाला गेले ते परत आले नाहीत, गिऱ्हाईकं दुसरीकडे लागली. शेवटी गाळा भाड्याने दिला. तिथे आता पॅथॉलॉजी लॅब आहे, दारावर लिहिलंय उपाशीपोटी या.

ह्यात कोणी कायदा मोडला? कोणीच नाही. प्रत्येकाने आपापला फॉर्म नीट भरला आणि खानावळ गेली. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम गेलं तेव्हाही लोक असेच म्हणाले होते की काय करणार, आता कोणाला जमतं. वाडीतली लाकडी घरं वाचवायला निदान लोक उभे राहतात, फेरफटके काढतात, ते योग्यच आहे, पण अनंताश्रमसाठी कुठला मोर्चा निघाला नव्हता.

ह्याच्यावर लगेच कोणीतरी म्हणेल की मावशी, जग बदललं, आता फूड हॉल आहेत, एका छताखाली वीस प्रकार, एसी, स्वच्छ टॉयलेट. मान्य. टॉयलेटचा मुद्दा तर शंभर टक्के मान्य, जुन्या हॉटेलवाल्यांनी ह्या एका गोष्टीत बायकांना अक्षरशः छळलंय. माझा भाचा मला लोअर परळला घेऊन जातो, फिनिक्सला, तिथे जुन्या गिरणीचं धुराडं अजून उभं आहे आणि त्याच्या आजूबाजूला जगातलं सगळं खायला मिळतं. मी आवडीने खाते. पण त्याच परळ-लालबागला चाळीचाळीत बायका खानावळी चालवायच्या, गिरणीतल्या पाळीप्रमाणे पोळ्या लाटायच्या, महिन्याचा हिशोब वहीत. त्याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, खाणावळी गेल्या, आणि धुराडं तेवढं शोभेला राहिलं. म्हणजे इथेही तेच, बांधकाम राहिलं.

माझा राग फूड हॉलवर नाहीये, तो कुठे आणि कोणासाठी उघडतो ह्यावर आहे. परदेशातली दोन-तीन उदाहरणं सगळे तोंडावर फेकतात, ती मी मुद्दाम वाचून काढली. लिस्बनला रिबेरा नावाची १८८२ ची मंडई आहे, २०१४ ला तिच्या एका भागात मोठा फूड हॉल झाला, पण दुसऱ्या बाजूला भाजी, मासळी, फुलं विकणारे तिथेच राहिले. माद्रिदची सान मिगेल, १९१६ चा लोखंडी सांगाडा, २००९ ला चकाचक करून उघडली, इमारत वाचली पण तिथे आता रोजची भाजी घ्यायला कोण जातंय, पर्यटकच. आणि पॅरिसने तर १९६९ ला आपली मुख्य मंडई गावाबाहेर नेली आणि १९७१ पासून ते लोखंडी मंडपच पाडले, त्याची हळहळ तिथले लोक अजून करतात. ह्यातलं आपल्याला कुठलं हवंय ते आत्ताच ठरवायला पाहिजे, कारण पालिकेच्या कितीतरी मंडया दुरुस्तीला किंवा पुनर्विकासाला आल्यात आणि त्यांच्या प्लॅनवर वरच्या मजल्यांना काय येणार हे तिथल्या गाळेधारकांनाच नीट माहीत नसतं.

आणि आपल्याकडे नमुना नाही असं कुठे आहे! माटुंगा स्टेशनच्या बाहेर पालिकेची लाल बहादूर शास्त्री मंडई आहे, तिच्याच पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. १९४२ चं. खाली केळी आणि कढीपत्ता, वर केळीच्या पानावर जेवण. टोकन घ्या, बाकावर नंबर लागेपर्यंत बसा, पान मांडलं की रसम, भाजी, पापड, ताक, आणि वाढपी विचारतो ते खरोखर वाढायलाच विचारतो. स्वयंपाकघर बघायचं असेल तर बघू देतात. मंडई आणि हॉटेल एकमेकांच्या आधाराने चालतं. फूड हॉल काढायचाय ना पालिकेला, असा काढा. त्या भागातल्या पाडकामात जागा गेलेल्या चार खानावळींना मंडईच्या पहिल्या मजल्यावर आणा, एकच मोठं धुरांडं, तेलकट सांडपाणी अडवणारा एकच ग्रीस ट्रॅप, सामाईक टॉयलेट, आणि भाडं पालिकेच्या दराने. क्रॉफर्ड मार्केटसारखी १८६९ ची, विल्यम इमर्सन या आर्किटेक्टने उभारलेली, दारावर लॉकवूड किपलिंगची शिल्पं असलेली इमारत आपल्याकडे आहे, समोर बादशाहचा फालुदा आहे, आणि आपण फूड हॉल शोधायला मॉलमध्ये जातोय.

जुन्या ठिकाणांची यादी करणं हे काही आकाशातून आणायचं नाहीये. कोलकात्यात इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने २०१९ ला १४ जुन्या खाण्याच्या जागांना हेरिटेजची निळी पाटी दिली, त्यात कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाऊस आहे, निझाम आहे, सरबतवालं पॅरामाउंट आहे. पाटीने भाडं कमी होत नाही हे खरं, पण निदान विकताना-पाडताना चार लोक विचारतात तरी. ब्युनॉस आयर्सला १९९८ पासून कायदाच आहे, जुन्या कॅफेंची शहराची अधिकृत यादी असते. आणि सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ ला लोकांचं मत घेऊन जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. तीस वर्षं चाललेल्या दुकानांची नोंद करायची, आणि जो घरमालक अशा भाडेकरूला दहा वर्षांचा करार देईल त्या मालकाला शहराने पैसे द्यायचे. मालकाला! आपल्याकडे सगळं धोरण मालक म्हणजे खलनायक असं धरून चालतं म्हणून तो छप्पर गळू देतो आणि वाट बघतो.

इथे कोणी झुणका-भाकर केंद्रांची आठवण काढेल. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर म्हणून जागा वाटल्या आणि पुढे त्या जागांवर काय काय विकलं गेलं ते शेजवान चटणीच्या वासावरून सगळ्या मुंबईला कळलं. त्यामुळे सवलत दिली की तिचा गैरफायदा होणार ही भीती रास्त आहे. म्हणून सवलत जागेला देऊ नये, चालू धंद्याला द्यावी, हॉटेल बंद केलं की सवलत संपली.

हॉटेलवाल्यांची बाजू घेताना त्यांचे दोष झाकायचे असं नाही. काही ठिकाणी भटारखाना बघितला तर जेवणार नाही माणूस. काहींचा उद्धटपणा लोक कौतुकाने सांगतात, मला तो कधीच कौतुकाचा वाटला नाही. आणि आगीचं काय? डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात रेस्टॉरंटला आग लागून १४ माणसं गेली, ती जागा तर नव्याने सजवलेली होती, मग लाकडी माळ्याच्या, लोंबत्या वायरींच्या जुन्या इमारतीत गॅसचे सिलिंडर मागच्या जिन्याखाली ठेवलेले बघून माझ्या पोटात गोळा येतो. हेरिटेज म्हणून फायरच्या नियमात सूट असं मी कधीच म्हणणार नाही. वायरिंग बदला, सिलिंडर बाहेर काढा, दुसरा जिना मोकळा करा. पण हे काम भाडेकरू एकटा करू शकत नाही, मालकाची सही लागते, आणि सही कोण देतो?

बेकऱ्यांचं तसंच. जानेवारी २०२५ ला हायकोर्टाने लाकूड आणि कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला असं सांगितलं. धूर आहे, आजूबाजूच्या लोकांना खोकला आहे, कोर्टाचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण पावाची जुनी भट्टी म्हणजे विटांची एक खोलीच असते, ती उखडून तिथे गॅसची किंवा विजेची बसवायची म्हणजे लाखांचा खर्च आणि काही दिवस धंदा बंद, आणि ज्याची जागा आज ना उद्या पुनर्विकासात जाणार आहे तो कशाला एवढे पैसे घालेल, तो सरळ कुलूप लावेल. कडक ब्रुन ज्याला म्हणतात त्या पावाचं कवच गॅसच्या भट्टीत तसं येतं की नाही ह्यावर आमच्या घरात जेवढे लोक तेवढी मतं आहेत, पण बेकरीच राहिली नाही तर हा वादसुद्धा राहणार नाही. मुदत घालताना कर्जाची सोय घातली असती तर बरं झालं असतं एवढंच.

माझी अपेक्षा फार नाही. म्हाडाच्या यादीत आणि पुनर्विकासाच्या अर्जात एक रकाना वाढवा, तळमजल्यावर किती वर्षांपासून काय चालू आहे. पन्नास वर्षांच्या वर चाललेलं खाण्याचं ठिकाण असेल तर नवीन इमारतीच्या प्लॅनमध्ये त्याला रस्त्याकडची बाजू, छतापर्यंत जाणारा स्वतंत्र शाफ्ट आणि माल उतरवायला मागचं दार दाखवल्याशिवाय प्लॅन पास करू नका. मधल्या वर्षांत त्याला जवळच्या पालिका मंडईत गाळा द्या, म्हणजे स्वयंपाकी गावाला जाणार नाहीत. ह्यात बिल्डरचा एखादा पार्किंग स्लॉट जाईल, फार तर. हेरिटेज कमिटीवर आर्किटेक्ट आणि इतिहासकार बसतात तसा एखादा हॉटेल चालवणारा माणूस पण बसवा, ज्याला कळतं की धुरांडं कुठून निघतं.

आता गिरगावला मेट्रो सुरू झालीये. इतकी वर्षं रस्ता खणलेला होता तेव्हा पत्र्यामागे जी हॉटेलं कशीबशी तग धरून राहिली त्यांच्याकडे आता कुलाब्याहून आणि अंधेरीहून लोक एका गाडीत येऊ शकतात. प्रकाशमध्ये पियूष प्यायला, विनय हेल्थ होमला मिसळीला, पणशीकरांकडे साबुदाणा वड्याला रविवारी रांग दिसते. पण मेट्रोने जागेचे भावही चढवलेत आणि चाळींच्या मिटिंगांमध्ये बिल्डरांच्या फाइली फिरायला लागल्यात. तेव्हा जे काही करायचं ते पुढच्या दोन-चार वर्षांत. तुमच्या पेपरात रविवारी कुठेतरी अर्धं पान ह्यासाठी द्या, वाचक आपापल्या भागातल्या जुन्या ठिकाणांची नावं, पत्ता आणि इमारतीची अवस्था पाठवतील. पालिका यादी करेपर्यंत आपली तरी तयार असेल.

आपली,
एक जुनी वाचक
(मूळ गिरगाव, सध्या डोंबिवली)

ता.क. दादरचं नाव एकदाही आलं नाही म्हणून दादरकर चिडतील. मामा काणे १९१० पासून आहे, आस्वादच्या मिसळीला २०१५ ला लंडनमध्ये बक्षीस मिळालं, सगळं माहीत आहे मला. पण दादरकर स्वतःच पत्र लिहायला समर्थ आहेत, त्यांना कोणी अडवलेलं नाही.